सीमेपलीकडची नोकरी, अलीकडची एसटी

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला एक तरुण गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन करतो. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "रस्ता पूर्वीपेक्षा बरा झाला, मोपाला विमानतळ आला. पण सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोचवील अशी एकही बस आमच्या बाजूने नाही. विचारायला गेलं की परवान्याचं कारण पुढे येतं. दोन शेजारी राज्यं मिळून वाहतुकीचं नियोजन का करत नाहीत? आणि करायचंच ठरवलं तर ते होतं कसं?"

वाहतूक सर्वेक्षण आणि मार्ग-नियोजन हे माझं कित्येक वर्षांचं काम, आणि त्यातला बराच भाग सिंधुदुर्ग, गोवा आणि बेळगाव या पट्ट्यातच गेला. म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. कायदा तुमची बस अडवत नाही. रस्ताही अडवत नाही. दोन्ही राज्यं गाड्या मोजतात, किलोमीटर मोजतात. तुमचा घरापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास मात्र कुठल्याच कागदावर पूर्ण दिसत नाही. अर्धा महाराष्ट्राच्या कागदावर, अर्धा गोव्याच्या. जो प्रवास कागदावर नाही त्याच्यासाठी कोणी वेळापत्रक आखत नाही.

मोजणीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळं तिथेच अडतं.

कुठल्याही प्रदेशाचा वाहतूक आराखडा करायचा तर आधी त्या प्रदेशाचे छोटे छोटे विभाग पाडतात. गोव्याचा आराखडा असेल तर म्हापशाचा बाजार वेगळा, पर्वरी वेगळी, वेर्ण्याची वसाहत वेगळी. मग रस्त्याच्या कडेला, पोलीस सोबत घेऊन, येणाऱ्या गाड्यांतल्या काही थांबवायच्या आणि विचारायचं: निघालात कुठून, चाललात कुठे, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा. आमच्या भाषेत ही 'ओडी', म्हणजे ओरिजिन-डेस्टिनेशन पाहणी. महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीला सकाळी साडेसहाला उभं राहून हे प्रश्न विचारले की काय दिसतं ते सांगतो. मोटरसायकलींची रांग. हँडलला डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र शर्टाच्या आत खोचलेलं, पावसाळा असेल तर पायापर्यंत रेनकोट. कुठून? इन्सुली, डेगवे, विलवडे, मडुरा. कुठे? थिवी, पिळर्ण, कुंडई, वेर्णा. उत्तरं इतकी नेमकी की त्यांच्यावरून दुसऱ्याच दिवशी बसचा मार्ग आखता यावा. संध्याकाळी कार्यालयात फॉर्मवर क्रमांक चढतात तेव्हा 'कुठे'च्या रकान्यात प्रत्येक वसाहतीचा स्वतंत्र क्रमांक येतो, आणि 'कुठून'च्या रकान्यात चारही गावांना एकच: बाह्य क्षेत्र, महाराष्ट्र. सिंधुदुर्गाच्या बाजूने अभ्यास झाला की हेच उलटं होतं. तिथे इन्सुली आणि डेगवे वेगळी दिसतात, आणि अख्खा गोवा एका आकड्यात बसतो.

यात कोणाची बेफिकिरी नाही. अभ्यासाचा खर्च जे राज्य करतं त्याच्या हद्दीपुरतेच विभाग पाडले जातात. दुसऱ्याच्या हद्दीतली गावं सुटी करायची तर वेळ लागतो, पैसा लागतो, आणि त्या गावांबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार अभ्यास करवून घेणाऱ्याकडे नसतो. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

बाकीची साधनंही तुम्हाला पकडत नाहीत. टोलनाक्यावरच्या फास्टॅगमधून हल्ली चांगली माहिती मिळते, पण राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, त्यामुळे दुचाकीस्वार त्या माहितीत नाहीच. रस्त्याची क्षमता काढताना भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांप्रमाणे दुचाकी म्हणजे अर्धी मोटार धरतात. गर्दी मोजायला ते ठीक आहे, पण तीनशे दुचाकी म्हणजे तीनशे नोकरदार माणसं, आणि ती सात बसमध्ये आरामात बसतील, हे त्या आकड्यातून कळत नाही. २०११च्या जनगणनेत कामाचं ठिकाण घरापासून किती लांब आणि तिथे कशाने जाता, हे विचारलं होतं. कुठल्या गावाला जाता, हे विचारलं नव्हतं. म्हणजे दोडामार्गातला माणूस पन्नास किलोमीटर जातो हे कळतं. तो वेर्ण्याला जातो की कणकवलीला, ते कळत नाही. आणखी एक बाब कोकणासाठी फार महत्त्वाची. शहराबाहेरच्या रस्त्यांवरच्या वाहतूक गणनेसाठी जुना नियम आहे, १९७२चा: वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजा, आणि जत्रा-प्रदर्शनासारखी विशेष गर्दी असेल तर गणना पुढे ढकला. सरासरी काढण्यापुरता नियम योग्य आहे. पण गणेशचतुर्थी, शिमगा आणि डिसेंबरअखेरची गर्दी सोडून या पट्ट्याची वाहतूक मोजली, तर वर्षातला सर्वांत अवघड काळच नोंदीतून गळतो.

आता परवान्याकडे येऊ. तुम्हाला दिलं जाणारं कारण खोटं नसतं, पण अर्धवट असतं.

मोटार वाहन कायदा १९८८चा आहे. त्याच्या ८८व्या कलमाप्रमाणे एका राज्याने दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात चालायचा तर तिथल्या परिवहन प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे मान्यतेची सही, लागते. गाडी गाडी करून ती मिळवणं बस महामंडळांना शक्य नसतं, म्हणून दोन राज्यं आपसात करार करतात. करारात मार्गांची यादी असते: कुठून कुठे, किती फेऱ्या, आणि एकमेकांच्या हद्दीत रोज किती किलोमीटर. कर एकाच राज्यात, म्हणजे गाडी जिथली तिथे. तत्त्व बरोबरीचं असतं. तुमच्या बस आमच्याकडे जितके किलोमीटर धावतील तितकेच आमच्या तुमच्याकडे.

या बरोबरीचा हट्ट कुठवर जातो ते २०२०मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणात दिसलं. राज्य २०१४ला दुभंगलं, पण एकमेकांकडे धावणाऱ्या गाड्यांचं प्रमाण आंध्रच्या बाजूने झुकलेलं राहिलं. टाळेबंदीत बस थांबल्या त्या निर्बंध उठल्यावरही सुरू होईनात, कारण तेलंगणाने किलोमीटर समान करा म्हणून धरून ठेवलं. नोव्हेंबर २०२०च्या सुरुवातीला करार झाला तेव्हा आंध्रच्या वाट्याला तेलंगणात १,६०,९९९ किलोमीटर आले आणि तेलंगणाच्या वाट्याला आंध्रात १,६१,२५८. इतकं काटेकोर. तोवर हैदराबाद आणि विजयवाडा यांच्यामधला साधा प्रवासी महिनोन्महिने खासगी गाड्यांच्या दयेवर होता.

तुमच्या बसचं गणित इथेच बिघडतं. आंतरराज्य किलोमीटर मर्यादित असले की कुठलंही महामंडळ ते जास्त उत्पन्नाच्या लांब पल्ल्यावर खर्च करणार. पुणे-पणजी, कोल्हापूर-पणजी, मुंबई-पणजी. भेडशी-वेर्णा किंवा बांदा-थिवी असल्या आखूड फेरीला यादीत एक ओळ लागते, समोरच्या राज्याकडून तितक्याच किलोमीटरची दुसरी ओळ लागते, आणि उत्पन्न मासिक पासाचं, म्हणजे कमीच. आगारातला माणूस तुम्हाला 'परवाना नाही' म्हणतो तेव्हा त्याचा खरा अर्थ हा असतो की आहे तो कोटा दुसरीकडे वापरलाय.

कायद्याला सीमेवरची गावं माहीत नाहीत असंही नाही. ८८व्या कलमातच एक तरतूद आहे: मार्गाची सुरुवात आणि शेवट एकाच राज्यात असेल आणि मधला तुकडा दुसऱ्या राज्यातून जात असेल, तर तो तुकडा सोळा किलोमीटरपर्यंत असेल तोवर प्रतिस्वाक्षरीची गरज नाही. तेरेखोलसारख्या गावांचा विचार केला की ही तरतूद किती शहाणपणाची ते पटतं. तेरेखोल गोव्याचं, पण नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या अंगाला. केरीहून फेरीबोटीने जा, नाहीतर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला उतरून महाराष्ट्रातून वळसा घाला. ज्याचं घर एका राज्यात आणि कारखाना दुसऱ्या राज्यात, त्याच्यासाठी मात्र अशी सूट कायद्यात नाही. ती करारातूनच मिळवावी लागते.

इथे थोडं मागे जातो. १९६१पर्यंत ही देशाची सीमा होती. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, आणि त्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदीही केली. नाती, देवस्थानं, बाजार दोन्ही अंगांना पसरलेले, पण गाडी जाईल असे रस्ते मोजके. मुक्तीनंतर रस्ते वाढले, तरी प्रत्येक रस्ता सीमेपर्यंत एकाने केला आणि सीमेपासून पुढे दुसऱ्याने, आपापल्या वेळेला. महामार्ग ६६चंच पाहा. झाराप ते पत्रादेवी हा आपल्याकडचा पट्टा आधी चौपदरी झाला, आणि पत्रादेवी ओलांडली की बराच काळ पुढे अरुंद रस्ता. चार पदरांची गाडी दोन पदरांत शिरते तिथे अपघात वाढणारच. हे टाळायला दोन बांधकाम खात्यांनी एकमेकांना कामाची तारीख कळवली असती तरी पुरलं असतं.

तिकिटाच्या सवलतींचंही तसंच. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपुरतं. सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात आईला दाखवायला नेणारी मुलगी पत्रादेवीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण भाडं देते. चंदगड तालुक्यातल्या बाईची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा जिल्हा कोल्हापूर, पण बाजार, कॉलेज, दवाखाना सगळं बेळगावात, कारण कोल्हापूर तिला कितीतरी लांब. शिनोळी ओलांडली की कर्नाटक. तिथे जून २०२३पासून महिलांना सरकारी बस मोफत, पण कर्नाटकची रहिवासी असल्याचा पुरावा दाखवला तर. आपल्या रोजच्या बाजाराच्या गावात ती परकी ठरते. मराठी-कन्नड वाद पेटला की ती बसही बंद. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५, दोन्ही वेळा दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. राजकारण राजकारणाच्या जागी राहू दे. पण बस बंद करण्याचा निर्णय ज्या तडफेने होतो, त्या दिवशी चंदगडचा आजारी माणूस बेळगावला कसा पोचेल याची पर्यायी व्यवस्था कोणाच्याही आदेशात लिहिलेली नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बांबोळीचा उल्लेख आलाच आहे तर थांबून सांगतो, कारण सीमापार वाहतुकीत हा सर्वांत नाजूक भाग आहे. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागातला गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, गोमेकॉत जातो. २०१८च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. त्यातून निदान एवढं सर्वांना कळलं की किती माणसं या एका रस्त्यावर अवलंबून आहेत. नियोजकाच्या दृष्टीने यातली मेख अशी: रुग्णवाहिकेतले रुग्ण थोडे असतात, बाहेरचे फेरतपासणीला, डायलिसिसला, औषधाला जाणारे कितीतरी जास्त. त्यांना ओपीडी उघडण्याआधी पोचायचं असतं आणि दुपारनंतर परतायचं असतं. वेळ ठरलेली, ठिकाण ठरलेलं, प्रवासी ठरलेले. बससाठी याहून सोपी मागणी असत नाही. तरी बहुतेक लोक भाड्याची गाडी करतात, आणि एका तपासणीचा निम्मा खर्च प्रवासातच जातो.

मालवाहतूक आणि घाट हा वेगळा विषय, पण तुमच्या रस्त्यावर त्याचा थेट भार पडतो म्हणून सांगायला हवा. गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येते. गोव्याचं फलोत्पादन महामंडळही तिथूनच भाजी उचलून स्वस्त दरात विकतं. ही सगळी वाहतूक अनमोड किंवा चोर्ला घाटातून उतरते. जुलै २०२५मध्ये अनमोड घाटात दूधसागर मंदिराजवळ रस्ता खचला तसं काही झालं की अवजड गाड्यांना बंदी येते. मग त्या कुठे जातात? काही चोर्ल्याने, आणि जिथे तेही जमत नाही त्या आंबोलीमार्गे सावंतवाडी, बांदा. सपाटीवरच्या दुपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला १५,००० पीसीयू धरतात, म्हणजे तितक्या मोटारींच्या बरोबरीची वाहतूक. डोंगरातल्या तीव्र वळणांच्या दुपदरी रस्त्याची फक्त ५,०००. आणि दरडी कोसळतात त्याच जुलै महिन्यात शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्याला पर्यटकांची रीघ असते. त्यात बेळगावहून वळलेले ट्रक आले की घाट दोन्ही बाजूंनी तुंबतो.

घाट बंद करण्याचा आदेश मोटार वाहन कायद्याच्या ११५व्या कलमाखाली निघतो. महिन्याभरापर्यंतच्या बंदीला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरतं. तातडीच्या वेळी हे सोयीचं आहे. पण आदेश आपल्या हद्दीपुरता, आणि प्रसिद्धीही आपल्याच हद्दीत. खाली बंदी आहे हे ट्रकवाल्याला वर, कणकुंबी ओलांडल्यावर कळून काय उपयोग? ते त्याला बेळगाव सोडण्याआधी, आणि आंबोलीच्या पोलिसांना त्याच्याही आधी कळायला हवं. बेळगाव, सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि गोव्याच्या प्रशासनांनी पावसाळ्याआधी एक बैठक घेऊन कोणता घाट बंद झाला तर कोणत्या वजनाची गाडी कुठून जाईल हे आधीच ठरवून ठेवलं, तर यात फारसा पैसाही लागत नाही.

मालाच्या नोंदीतही तीच गफलत आहे. २०१८पासून मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलामुळे माल कुठल्या पिनकोडवरून कुठल्या पिनकोडला गेला ते कळतं, पण ताजी भाजी आणि दूध त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळे सिमेंट आणि टाइल्स कागदावर दिसतात, आणि रोज पहाटे घाट उतरणारी भाजी दिसत नाही.

मग दोन राज्यांना एकत्र बसणं जमतच नाही का? जमतं. तुमच्याच तालुक्यात त्याचा सर्वांत मोठा पुरावा उभा आहे. तिळारी धरण. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात १९९०मध्ये करार झाला, पाण्याचा आणि खर्चाचा वाटा ठरला, गोवा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्र २६.७० टक्के, आणि देखरेखीला आंतरराज्य नियंत्रण मंडळ नेमलं. कालव्याच्या डागडुजीवरून तक्रारी होतात, पैशावरून ओढाताण होते, पण ती एका टेबलावर होते. कोकण रेल्वेचंही तसंच. महामंडळाच्या भांडवलात रेल्वे मंत्रालयासोबत महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ अशी चार राज्यं भागीदार झाली आणि डोंगर फोडून मार्ग झाला. पाण्याला आणि रुळाला जे जमलं ते बसला जमू नये असं कुठलंही तांत्रिक कारण मला माहीत नाही.

एक संस्थात्मक अडचण मात्र खरी आहे. राज्य पुनर्रचना कायद्याने १९५६मध्ये विभागीय परिषदा नेमल्या. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हणजे दोडामार्ग, साखळी आणि खानापूर हे एकमेकांना लागून असलेले तीन भाग नेमाने भरणाऱ्या कुठल्याच एका परिषदेत एकत्र येत नाहीत. म्हणून मी दिल्लीकडच्या मोठ्या परिषदांपेक्षा जिल्हा पातळीवरच्या, फक्त वाहतुकीपुरत्या समितीच्या बाजूचा आहे. छोटी समिती, ठरलेला विषय, वर्षातून दोन बैठका: एक पावसाळ्याआधी, एक डिसेंबरच्या गर्दीआधी.

उदाहरणं बाहेरही आहेत. दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांनी २००८मध्ये टॅक्सी-रिक्षांसाठी परस्पर करार केला. पात्र गाडीने आपल्या राज्यात कर भरला की त्या क्षेत्रात ती सीमेवर न अडता चालावी. सावंतवाडीची टॅक्सी मोपाला प्रवासी सोडते आणि परतीचं भाडं घेण्यावरून वाद होतो, तिथे असल्या कराराची गरज उघड आहे. पण त्यात पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांच्या पोटाचा प्रश्नही आहे, त्यांना सोबत घेतल्याशिवाय केलेला करार टिकणार नाही. आणखी लांबचं सांगायचं तर स्वित्झर्लंडमधलं बाझेल. तीन देशांच्या तिठ्यावरचं शहर. तिथली आठ नंबरची ट्राम २०१४पासून जर्मनीतल्या वाइल गावात जाते, तीन नंबरची २०१७पासून फ्रान्समधल्या सँ-लुईत. मला त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती पैशाची: सीमेपलीकडच्या रुळांसाठी स्वित्झर्लंडच्या संघीय सरकारने स्वतःचाही निधी दिला. हिशेब सरळ आहे. पलीकडचा नोकरदार ट्रामने आला तर बाझेलच्या रस्त्यावरची मोटार कमी होते. म्हापसा, पर्वरी, पणजी या रस्त्यावर सकाळी काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला सिंधुदुर्गातून निघणाऱ्या बसवर गोव्याने पैसा का घालावा हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर माझ्या मते काय व्हायला हवं? सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ एका बाजूला आणि पेडणे, बार्देश, डिचोली, तिसवाडी दुसऱ्या बाजूला, असं एकच अभ्यासक्षेत्र धरून घरोघरी जाऊन प्रवास-सर्वेक्षण. दोन्हीकडे तोच फॉर्म, तेच क्रमांक. दुसरं, करारात 'सीमालगतच्या आखूड फेऱ्या' असा वेगळा गट. सीमेच्या दोन्ही अंगांना मिळून साठ-सत्तर किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या किलोमीटरच्या बरोबरीत धरूच नयेत. लांब पल्ल्याचं काटेकोर गणित हवं तर चालू ठेवा, पण ते नोकरदाराच्या बसला लावू नका. तिसरं, सवलतीचा निवाडा. सवलतीची भरपाई आजही राज्य सरकारच आपल्या महामंडळाला देतं. तिकीट यंत्रात सीमेपुढचा टप्पा वेगळा नोंदता येतो, म्हणजे हिशेबाची अडचण नाही. प्रश्न फक्त ठरवण्याचा आहे.

चालवणार कोण, हा व्यवहाराचा भाग राहतो. सकाळच्या शिफ्टला पोचायचं तर बस पहाटे तुमच्या गावातून सुटली पाहिजे, म्हणजे ती वस्तीची गाडी हवी. कदंबची, म्हणजे गोव्याच्या बस महामंडळाची गाडी पहाटे गोव्यातून निघून तुम्हाला न्यायला येणं म्हणजे एक फेरी रिकामी. म्हणून सकाळची फेरी सावंतवाडी आगाराने, वस्तीवरूनच करणं शहाणपणाचं. ती गाडी वेर्ण्याला माणसं उतरवून दिवसभर तिथे उभी ठेवायची नाही. परतीला बांबोळीवरून रुग्ण घेऊन यायचं, दुपारी पुन्हा फेरी, संध्याकाळी शिफ्ट सुटताना परत वेर्ण्याला. अशी साखळी जमली तरच चालक-वाहकांची ड्युटी आणि डिझेलचा खर्च भागतो. नुसती 'सकाळी एक बस द्या' ही मागणी म्हणूनच टिकत नाही. गाडीचा पूर्ण दिवस मांडून दिला तर आगार व्यवस्थापकालाही वर प्रस्ताव पाठवता येतो.

आणि हे तुम्ही करू शकता. ८८व्या कलमातच लिहिलं आहे की राज्यांना परवान्यांचा करार करायचा असेल तर प्रस्ताव दोन्ही राज्यांनी आपापल्या राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध करायचा, लोकांकडून निवेदनं मागवायची, आणि राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून किमान तीस दिवसांनंतरची तारीख, वेळ आणि जागा देऊन त्यांचा विचार करायचा. ही पायरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, मग करार झाल्यावर मोर्चे निघतात. करार नव्याने होण्याची किंवा त्यात मार्ग वाढण्याची वाट पाहत असतानाच निवेदन तयार ठेवा.

त्यात भावना कमी आणि तक्ता जास्त असू द्या. गावाचं नाव, तिथून पलीकडे जाणाऱ्यांची संख्या, कुठली वसाहत, शिफ्ट किती वाजता सुरू होते आणि किती वाजता सुटते, आठवड्यातले किती दिवस, आज कशाने जातात आणि महिन्याला खर्च किती. बायकांचा आकडा वेगळा काढा, कारण बस नाही म्हणून नोकरीच न धरलेल्या बायका कुठल्याच रस्त्यावर मोजल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी 'बस असती तर गेलो असतो' असा एक रकाना ठेवा. आठवडाभर, सोमवार ते शनिवार, तिठ्यावर दोघं जण वही घेऊन सकाळी साडेपाच ते आठ उभे राहिले तरी एवढी माहिती जमते. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करा. दुचाकीवाले पावसात बसकडे किती वळतील ते त्यातून दिसेल. आसपासच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडा.

निवेदनाच्या दोन प्रती करा. एक महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला आणि सावंतवाडी आगाराला, दुसरी गोव्याच्या वाहतूक संचालनालयाला. गोव्याच्या प्रतीला तुमच्या कारखान्याचं पत्र मिळवून जोडा. कामगार उशिरा पोचल्याने किंवा अपघाताने पडलेल्या खाड्यांचा त्यात उल्लेख असावा. तुमचं एकट्याचं पत्र पणजीत परराज्यातल्या माणसाचं ठरेल. कारखान्याचं पत्र तिथल्या उद्योगाची मागणी म्हणून वाचलं जाईल.